उसनी दुपार

आरसा उपडा ठेवायचा, हे पहिलं.
रायवंतानं बाजारात सगळ्यांत आधी हेच शिकवलं,
पळसटोल्याच्या सोमवारी, चिंचेखाली,
एका अंगाला सुक्या झिंग्यांचं दुकान,
दुसऱ्या अंगाला बैलांच्या घुंगरमाळा.
"उताणा ठेवशील तं आभाळ पिते तो.
मंग उचलत नाई दिवसभर."

मी उचलून पाहिला एकदा, आभाळ प्यालेला.
वीतभर आरसा,
मनगट खाली गेलं भरल्या घागरीसारखं.

लोकांना वाटतं, आरसा देतो.
चिमणाबाई नाकाडेनं आरशातून
पायलीभर तांदूळ काढले होते,
वाससुद्धा थेट हिरानक्खीचा.
शिजवले, वाढले.
पंगत उठली ती बसली होती त्याहून उपाशी.
आरशातला दाणा पोटातलंच घेऊन जातो,
असं नंतर सगळे म्हणाले.
आधी कोणी नाही.

आरसा फक्त ठेवून घेतो.
एका आरशात एकच गोष्ट:
एखादा उजेड, नाहीतर एखादा चेहरा.
दुसरी घातली की पहिली निघाली,
आणि निघालेली परत सापडत नाही.

रायवंताच्या आरशात दुपार होती.
तिच्या आईच्या अंगणातली,
मोहफुलं वाळत घातलेली.
कोणत्या सालची विचारलं तर म्हणायची,
"माहे दात पडत होते तवाची."
विकायचा नसलेला तेवढा एकच आरसा,
जुन्या लुगड्याच्या फडक्यात.
कधी गाठ सैल झाली
की जरासा उजेड सांडायचा तिच्या मांडीवर,
आणि झिंग्यांच्या वासातून मोहाचा वास वर यायचा.
मी म्हटलं, दाखव ना.
"तू पाह्यशील तं तू जाशील आत,
अन् दुपार येईल बाहीर."

चैतात दसरू कापगते विहिरीत उतरला गाळ काढायला.
दिवस बुडता बुडता दरड आत आली.
साठ हात खोल, वर अमावस्या.
कंदील सोडला तो दगडावर फुटला.
टॉर्चचा उजेड अर्ध्या वाटेतच संपायचा.
खालून दसरूचा आवाज येत होता
चारही भिंतींतून सारखाच.
कोणता दगड हलवावा?
चुकीचा हलला तर सगळेच येतील.

रायवंता आली, पदर खोचून.
फडक्याची गाठ सुटता सुटेना,
कोणी मदतीला हात लावला तर झटकला.
मग आरसा थोडा वेळ नुसता छातीशी,
आणि मग विहिरीच्या तोंडावर.

दुपार पडली खाली.
पडली, असंच म्हणते मी. आवाज झाला तिचा,
पोतं रिकामं केल्यासारखा.
कपारीतले पारवे उडाले,
दगड न् दगड दिसला,
दगडांतून निघालेला एक हात, त्यावरचं गोंदण,
आणि खाली पाण्यावर मोहफुलं,
त्यांच्यातून चालत गेलेली
एका लहान पोरीची पावलं.

"डावीकडचा दगड काढा!" वरून सगळे ओरडले.
"उजवीकडचा," रायवंता म्हणाली.
"आरशाचा उजेड हाये तो."

तो आरसा आता मी नेते बाजारात.
रिकामा आहे. अजून काही ठेवलं नाही त्यात,
काय ठेवावं ते ठरत नाही.
तरी उपडाच ठेवते.

दसरू वाचला.
आता बिडी डाव्या हातानं वळतो,
रेशनच्या वहीत त्याची सही उलटी उमटते,
दुकानदार दरवेळी भांडतो.
आणि मोह गळायला लागला
की त्याला एक अंगण आठवतं,
जिथं तो कधीच गेला नव्हता.

रायवंता त्या दिवसांत त्याच्या ओट्यावर जाऊन बसते.
"कोंबडी होती का रे अंगणात?"
"होती. लंगडत होती."
"कोन्त्या पायानं?"
दसरू डोळे मिटतो, आठवून सांगतो, "डाव्या."
ती मान हलवते,
आणि मनातल्या मनात उजवा करून घेते.