चार्ज

धहरान, रात्रीचे अडीच.
नळीतली हवा उपसून उपसून
पंपाला आता स्वतःचाच आवाज तेवढा उरलाय.
बाहेर दमट वारा, काचेला चिकटलेली वाळू.

हायड्रोजनचा ऋण आयन:
एक इलेक्ट्रॉन हक्काचा, दुसरा जेमतेम धरलेला,
खुंटीच्या टोकाला अडकवलेल्या शर्टासारखा.
पुढच्या कोठीत चिमूटभर ऑक्सिजन सोडलाय.
धक्का लागतो.
कधी तो सुटतो नि कुणाचाच राहत नाही,
कधी थेट ऑक्सिजनच्या पदरात पडतो.
कुणाचं काय होईल, एकेकट्याचं सांगता येत नाही.
आम्ही फक्त मोजतो.

ज्याचा गेला, तो थांबत नाही.
जवळजवळ त्याच वेगाने, त्याच रेषेत.
चुंबक ओढू बघतो, हा वळत नाही.
शाळेच्या पुस्तकात अशाला
उदासीन म्हटलं होतं.
मला वाटायचं, वाईट वाटत असणार त्याला.

दाऊद परकार गुरुवारी कायमचे गेले, दाभोळला.
सव्वीस वर्षं ही झडप त्यांनी कानाने सांभाळली.
नोंदवहीत सही केली, तारीख चुकवली, खोडली.
"घे बाय, चार्ज."
आणि पाना माझ्या तळव्यावर ठेवला.
गरम होता.
फाटकापाशी मागे पाहिलं नाही त्यांनी.
गाडी सरळ गेली
दम्मामच्या रस्त्याने.

पडद्यावर आकडे चढताहेत.
ऋण म्हणजे उणे,
एवढंच शिकले होते मी.

झडप बारीक शीळ घालते.
थांब, परकार काय म्हणायचे,
पाव फेरा, जास्त नाही.