रिकामी

मोजणीवाल्यांनी लोखंडी खुंटी ठोकली,
चार अंगांना चार खड्डे खणले,
वहीत एक शब्द लिहिला आणि पुढे निघून गेले:
रिकामी.

खुंटीपासून चाळीस पावलांवर तो दगड होता,
छातीइतका उंच, कडांना काचेसारखा गुळगुळीत,
बायसनांनी पिढ्यानपिढ्या अंग घासून घासून केलेला.
भोवती खुरांनी झिजवलेली खोलगट वाट,
आणि उतारावर दगडांची वर्तुळं,
तंबूच्या कडा वाऱ्यात दाबून धरायला कुणीतरी मांडलेली.
वहीचे रकाने चौकोनी होते.

माझे पणजोबा हालवोर ब्रेक्के
दहा डॉलर भरून एकशे साठ एकरांचे धनी झाले.
झाले म्हणजे, होणार होते.
तीन वर्षं राहायचं, तीस एकर फोडायची,
आणि दोन साक्षीदार आणायचे, की होय, हा माणूस इथंच राहतो.
एक साक्षीदार वासिल ह्नात्युक.
काय विचारलं ते त्याला कळलं नाही,
पण मान त्यानं जोरात हलवली.
पणजी ओलीनेनं आईला पत्र लिहिलं:
इथं एक झाड नाही.
धुणं वाळत घालायला दोरी काय आभाळाला बांधू?

नांगर लागला की मुळं तुटायची
जाड कापड फाडावं तशी, टर्र, टर्र, दिवसभर.
रात्री अंथरुणातही तिला ते ऐकू यायचं.
पहिली सात पिकं चांगली आली.
आठवं बरं.
पुढची मोजायला कुणी बसलं नाही.
मग एका वसंतात दुपारीच अंधार झाला,
कोंबड्या मुकाट खुराड्यात जाऊन बसल्या,
आणि शेत उठून शेजारच्या प्रांतात गेलं.

सदतीस साली सरकारनं जमीन परत घेतली.
नोंद पाहिली मी कचेरीत:
अक्षर वेगळं, शब्द तोच.
सायबेरियातून आणलेलं गवत पेरलं, तारा ओढल्या,
सगळ्यांच्या गुरांसाठी गायरान केलं,
आणि माझ्या आजोबांना नेमलं त्याची राखण करायला.
बाप ज्या जमिनीचा मालक होता होता राहिला
तिच्यावर मुलगा पगारी घोडेस्वार.
त्यांना त्यात काही गंमत वाटत नसे.
पगार वेळेवर यायचा, एवढंच म्हणायचे.

मी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिथं गुडघे टेकते.
अर्ध्या मीटरची चौकट गवतावर ठेवते आणि मोजते.
न फोडलेल्या बाजूला सतरा जाती,
पापणीसारखी कणसं, मोज्यात घुसणाऱ्या सुया, रानटी कांदा.
फोडलेल्या बाजूला चार,
त्यातली भरते ती एकच, सायबेरियाची.
संध्याकाळी ऊन आडवं झालं की
हालवोरच्या तासांच्या रेघा अजून दिसतात,
सरळ, सरळ, सरळ,
फक्त त्या दगडापाशी थोड्या डावीकडे झुकून जाणाऱ्या.
एवढीच एक वळणदार गोष्ट त्यांनी केली.

गेल्या महिन्यात गावच्या हॉलमध्ये बैठक झाली.
गायरान विकायचं की ठेवायचं, की भाडेपट्ट्यानं द्यायचं.
नकाशावाला तरुण घाम पुसत बोलत होता.
मागच्या रांगेतून नाकोडा वस्तीवरची आर्डिथ आयर्नस्टार उठली.
तिनं विचारलं: तो चौकोन पांढरा का?
तो म्हणाला, पांढरा म्हणजे, बाई,
म्हणजे तसं पाहिलं तर,
रिकामी.

ती हसली. मोठ्यानं, पोट धरून.
बाकी सगळे आपापल्या कॉफीत बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी तिला दगडापाशी घेऊन गेले,
किंवा तीच मला घेऊन गेली, वाट तिला ठाऊक होती.
वर कुठंतरी, दिसणार नाही इतक्या उंचीवर,
एक पक्षी घुंगरं सांडत होता.
आर्डिथनं जाकीट काढलं,
गुळगुळीत कडेला पाठ लावली,
आणि डोळे मिटून सावकाश वर-खाली घासली.
अजून खाज भागते, म्हणाली.
मग सरकून मला जागा करून दिली.
माझी चौकट गवतात तशीच पडून होती,
सतराव्या जातीपर्यंत मोजलेली.