निशाणी : करवत

त्याच्या भिंती मीच रंगवल्या, चारही निवडणुकांत,
म्हणून सांगतो.

मल्लेशम यन्नम. शाळेच्या प्रयोगशाळेतला शिपाई.
बाप डायहाऊसला, कोपरापर्यंत निळा;
भाकरी मोडली की तिच्यावर बोटं उमटायची.
पहिल्यांदा आला तेव्हा सायकलच्या हँडलला पिशवी,
पिशवीत बाटल्या, बाटल्यांवर चिकटपट्टी, तारीख, वार.
सोमवारचा नाला लाल. गुरुवारचा मोरपंखी.
"टॉवेलची ऑर्डर कुठल्या रंगाची लागली
ते मला मालकाच्या आधी कळतं," म्हणाला.

पक्षाचं नाव वसुंधरा, माणसं अकरा.
झेंडा हिरवा, म्हटल्यावर मी विचारलं, कुठला हिरवा?
आमच्या गावात हे विचारूनच लावावं लागतं.
बराच वेळ डबे बघत राहिला.
मग म्हणाला, कडुलिंबाचा.
पालवीचा नको, जून पानाचा, धूळ बसलेला.
असला रंग डब्यात मिळत नाही.
हिरव्यात काळा घातला, चिमूटभर गेरू.

निशाणी त्यानं झाड मागितली होती.
मिळाली करवत.
माझ्या पायरीवर बसून हसायला लागला, मग मीही.
रात्रभर अशोक चौकापासून कन्ना चौकापर्यंत
आम्ही दात काढत होतो, करवतीचे आणि आपले.
खाली त्याचं वाक्य : झाड वाचवा, करवतीचं बटण दाबा.
पोरं थांबून वाचायची.
काय बे, येडा हाय का हा?

तीनशे बारा मतं.
पुढच्या वेळी करवत मागून घेतली. सहाशे चाळीस.
तिसऱ्या वेळी नळ पाच दिवसांआड
आणि बोअरला एका सकाळी गुलाबी पाणी.
बारशाचं पोर त्यात न्हालं, फोटो घरोघर फिरला.
एकोणीस मतांनी आला.
गुलाल उधळू देईना. म्हणाला, शेवटी नाल्यातच जाणार.
लोकांना ते आवडलं नाही. मलाही नाही.

सभागृहात त्यानं बाटल्या मांडल्या, ओळीनं.
सरबत आणलं का, कुणीतरी विचारलं.
दीड वर्ष कागद, नोटीस, तपासणी, पुन्हा कागद.
पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवा आणि कारखाना चालवा,
हे तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता.
पेपरात ते सातव्या पानावर.
सील लागलं ते पहिल्या.

दुसऱ्या दिवशी दारात बाया.
टॉवेलच्या दशांना गाठी मारणाऱ्या, साठ-सत्तर.
पुढं त्याची सख्खी बहीण, अंबक्का.
"अन्ना," एवढंच म्हणाली
आणि रिकामा डबा उंबऱ्यावर ठेवला.

मालकानं हौद ट्रकवर चढवले, सीमेपलीकडं गेला.
तिकडं नाले आहेतच.

चौथ्या वेळी डिपॉझिट गेलं.
भिंतीवर करवतीखाली कुणी कोळशानं लिहिलं,
कापलास की बे.
मी चुन्याची बादली उचलली.
राहू दे, म्हणाला.
पुढं नुसता उभा राहिला, अक्षर चांगलं आहे म्हणाला.

परवा उधारी द्यायला आला, चार हजारांतले बाराशे.
पिशवीतून बाटली काढली, तारीख, वार.
पाणी नितळ.
त्यातून माझं दुकान दिसत होतं, उलटं,
डबे वर, छप्पर खाली.
तो काहीतरी बोलेल म्हणून मी थांबलो.
तो म्हणाला, ब्रश धुवायला कुणी लागतं का रे?
अंबक्काच्या हाताला काम नाही.

माझ्या हातात डबडं होतं,
सकाळपासूनचे ब्रश बुचकळलेलं, करडं, वर जांभळा तवंग.
नाला चार पावलांवर.
रोज तिथंच ओततो.
तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत
मी डबडं धरून उभा राहिलो.