हातचे सहा

अदिस अबाबात उजाडतं तेव्हा
घड्याळात बारा वाजलेले असतात.
तासाभरानं एक.
सूर्य आला की मोजायला लागायचं,
गेला की पुन्हा पहिल्यापासून.
यात चुकण्यासारखं काही नाही.

पण विमानतळावरच्या शीतगृहात,
जिथं येशिमेबेत गुलाबांची खोकी नोंदवते,
तिथलं घड्याळ परदेशी.
घरच्या एकला ते सात म्हणतं.
निघताना सहा मिळवायचे,
परतताना सहा वजा,
आणि मधल्या मिनीबसमध्ये
उभ्यानं ठरवायचं
की आत्ता नक्की किती वाजलेत
आणि कुणाचे.

गुलाबांना दोन अंश लागतात.
तीन झाले की फोन येतो.
धाकट्याला परवा एकोणचाळीस होता,
तेव्हाही आला,
शेजारच्या एतागेन्यूचा,
पण तिच्या हातात मोजे होते
आणि चारशे बारावं खोकं
दार अडवून उभं होतं.

टेफचं पीठ तीन दिवस आधी भिजवावं लागतं.
म्हणजे गुरुवारची भूक
सोमवारी रात्री आठवायला हवी.
तिला आठवते.
गणवेशाचं बटण आठवतं, लशीची तारीख,
आणि नळाचं पाणी, मंगळवारी नि शुक्रवारी,
तेही रात्री सहाला,
म्हणजे शीतगृहाच्या बाराला.

आपल्याकडे तेरावा महिना दुष्काळात येतो.
तिच्याकडे दरवर्षी येतो,
पाग्मे नावाचा, पाच दिवसांचा,
बिनपगारी.
दूधवाल्याला मात्र ते पाचही दिवस
नीट ठाऊक असतात.

महलेतच्या वहीत चिठ्ठी आली:
पालकसभा, शनिवार, आठ वाजता.
येशिमेबेतनं सेनाइतशी पाळी बदलली,
बदल्यात दोन रविवार कबूल केले,
धाकट्याला एतागेन्यूकडे सोडलं,
आणि मनगटावर आठ वाजायला चार मिनिटं असताना
धापा टाकत फाटकाशी पोचली.

फाटक बंद.
आत गाश वोल्दे निलगिरीची पानं झाडत होता.
“आठ?” तो म्हणाला.
“अगं लेकी, आत्ता कुठं दोन वाजतायत.”

सगळ्या विमानांचे हातचे धरणारी बाई
आपल्याच बेरजेत विसरली.

सहा तास.
सवयीनं ती आधी वाटणी करू लागली:
बाजार एक, धुणं दीड,
बँकेची रांग दोन तरी,
शिवाय सासूबाईंचा चष्मा.
पाच मिनिटांत सहाच्या सहा तास संपले
आणि ती अजून फाटकाशीच उभी होती.

गाश वोल्देनं स्टूल आणून दिलं.
भिंतीवर ऊन आलं होतं.
ती बसली
ते फक्त चपलेतला खडा काढायला.

एक चप्पल हातात तशीच राहिली.
तिच्या भोवतीची पानं
त्यानं झाडली नाहीत.
तेवढा एक गोल
दुपारपर्यंत तसाच होता.

उठली तेव्हा सावल्या दुसरीकडे होत्या.
फोनवर सात कॉल हुकलेले.
गुलाब तिच्याशिवाय ॲम्स्टरडॅमच्या वाटेला लागले होते,
किंवा नव्हते.
वर्गात बाक भरत होते.

बाई म्हणाल्या,
“महलेत वजाबाकीत पक्की आहे,
न लिहिता सांगते.
बेरजेत मात्र हातचा विसरते.
घरी बसवा जरा. रोज थोडा वेळ.”

येशिमेबेतच्या गालावर
भिंतीच्या चुन्याचा ठसा होता.
मागच्या बाकावरून महलेत
खुणेनं सांगत होती, पूस, पूस.
ती हो म्हणाली, बाईंना की लेकीला कोण जाणे,
आणि यादीच्या वहीत लिहिलं:
रोज थोडा वेळ.
पुढं केव्हा ते लिहायला
जागा सोडली.