साडेबावीस

आमच्याकडे पानगळ माघात येते.
जानापावच्या उतारावर आधी साग उघडा पडतो,
मग पळस, एकेका पानाने, कुरकुरत.
नेमक्या त्याच दिवसांत
तारांवर टांगलेली शिराज
आतल्या आत काहीतरी ठरवत असते.

रोज सकाळी आठला मी शंभर मणी तोडते.
उन्हातले, सावलीतले,
घडाच्या खांद्यावरचे आणि शेपटाकडचेही,
कारण खांद्यावरचे नेहमीच गोड
आणि माणूस स्वतःलाच फसवायला टपलेला.
पिशवीत चुरडते, एक थेंब काचेवर,
नळी डोळ्याला लावून उगवतीकडे तोंड.
निळ्या-पांढऱ्याची सीमा आज साडेबावीसवर.
चोवीस हवेत.
तीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला
दीड टक्का म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही.

गेंदालाल यंत्राकडे बघतसुद्धा नाही.
मणी तोंडात टाकतो, साल सावकाश चावतो,
बी तळहातावर थुंकतो, नखाने उलटीपालटी करतो.
"बाई, बीज अबी हरो है."
गळ्यात कंठी. वाइनचा थेंब त्याने चाखलेला नाही,
चाखणारही नाही.
या पंचक्रोशीत त्याच्याइतकी जीभ कुणाची नाही.

ठिबक बंद करून बारा दिवस झाले.
उगवतीकडची पानं काढली, मावळतीची ठेवली,
दुपारचं ऊन सालीला चटका देतं म्हणून.
बुलबुलांसाठी जाळी. तिला तीन भोकं,
बुलबुलांना तिन्ही पाठ.

आणि आता हे ढग.
बांधापलीकडे रामकुंवरचा गहू ओंबीवर आलाय,
एक पाणी कमी पडतंय त्याला.
एकाच मावठ्याकडे आम्ही दोघी बघतो.
ती म्हणते, आला तर सोनं.
मी काही म्हणत नाही. तिच्याकडचं ताक पिते.

रात्री नऊला इंदूरहून निनादचा फोन:
"मावशी, रामबागेत टपोरे थेंब पडतायत!"
भज्यांचा घाणा काढलाय म्हणे त्यांनी.

पाऊस पडला की मणी पाणी पितो,
साखर पातळ होते, साल तडकते,
आणि तिसऱ्या दिवशी घडाच्या पोटात करडी बुरशी
लोकरीसारखी.
थांबलं तर हे.
नाही थांबलं तर ते हिरवं बी,
वर्षभर पिंपात बसून जिभेला ओरबाडणारं.
गेंदालाल अंगणात उकिडवा, विडी विझलेली.
कर्ज मंजूर करताना मी इतका वेळ कधी घेतला नव्हता.
"खालच्या अकरा ओळी," मी म्हटलं.
"वरच्या राहू देत."
तो उठला, बायकांना सांगायला गेला.

पहाटे तीनला कपाळांवर दिवे.
कात्र्यांचा कटकट आवाज, क्रेट सरकल्याचा,
आणि सजनच्या नणंदेच्या लग्नाची गोष्ट
ओळ ओलांडून पलीकडे जाणारी, तिथून हसू परत.
घड हाताला गार, जडशीळ.
दिव्याच्या उजेडात काळे दिसतात, जांभळे नाहीत.

साडेपाचला आला. चार मिनिटं.
रामकुंवरच्या गव्हाला पुरेल एवढा नव्हता,
मला घाबरवायला पुरेसा.
गेंदालालने गमछा कमरेला बांधला
आणि वरच्या ओळींच्या तारा हलवत निघाला,
खांब धरून, झटका देऊन, पुढचा खांब,
म्हातारा, चिखलात अनवाणी,
जणू झोपलेल्या पोरांना उठवतोय.
मग नर्मदेच्या बाजूने वारा सुटला. कोरडा.

वायनरीच्या ट्रकबरोबर आलेल्या मुलाने
खालच्या ओळींचा माल तपासला:
बावीस पूर्णांक आठ.
"आंबटपणा छान आहे, मॅडम," असं म्हणत
किलोमागे चार रुपये कापले.

वरच्या ओळी अजून उभ्या आहेत.
सागाला आता एक पान नाही.
आज तेवीस पूर्णांक दोन,
आणि बी एका बाजूने तपकिरी,
दुसरीकडून अजून विचारात.
उद्या की परवा, गेंदालाल सांगत नाही.
अंथरुणावर पडल्यावर कळलं,
दाढेत एक बी अडकलंय.
जिभेने काढायचा प्रयत्न केला,
मग राहू दिलं.
हळूच चावून बघितलं.
कडू. पण मोडलं.