दोन सेकंदांचं मरण

मला बोलावलं होतं सल्ला द्यायला.
बुडापेस्टबाहेर, द्राक्षमळ्यांच्या मागे,
एका गोदामात त्यांनी परका ग्रह उभा केला होता:
तांबडी भुकटी, प्लायवूडचे खडक,
आणि कॉफीच्या थर्मासशेजारी रांगेत किरण-बंदुका,
खेळण्यांइतक्या हलक्या.

दिग्दर्शक कोर्नेल म्हणाला,
सिस्टर, किरण लागला की माणूस पडेल कसा?
छातीला एवढंसं भोक, कडा शेकलेल्या, रक्त नाही.
स्वच्छ मरण, नाही का?

बावीस वर्षं मी भाजलेल्यांच्या वॉर्डात काढली.
तिथे स्वच्छ हा शब्द आम्ही फक्त चादरीला वापरतो.

म्हटलं, माणूस म्हणजे बहुतेक पाणी.
किरण आत शिरला की ते उकळणार,
वाफ होणार, आणि वाफेला वाट लागते.
भोक पडत नाही, फुटतं.
पातेल्यावरचं झाकण उडतं ना, तसं,
फक्त झाकण म्हणजे त्याचीच कातडी.

मेकअपच्या मुलीने सँडविच खाली ठेवलं.

"आणि दुखेल किती?"
हे विचारलं एका पोरसवदा नटाने,
ज्याला त्या दिवशी मरायचं नव्हतं.

सगळ्यात खोल जळलं तिथे दुखत नाही, मी म्हटलं.
तिथे सांगायला कुणी उरलेलंच नसतं.
मधला भाग मुका. चामडं.
टाचणी टोचा, गप्प.
दुखतं काठावर,
जिथे थोडं जळलं आणि थोडं जिवंत राहिलं.
तिथे पंख्याचा वारा लागला तरी भगभग,
पांघरूण सरकलं तरी जीव कळवळतो.

आणि पहिल्या दिवशी ओरडतीलच असं नाही.
कितीतरी जण बोलत असतात.
थंडी वाजते म्हणतात, पाणी मागतात,
गाडीची किल्ली कुठल्या खिशात आहे ते बायकोला सांगतात.
आमच्या हातात टक्केवारीचा कागद असतो.
आम्ही हो हो म्हणतो.

मग ड्रेसिंग. रोज सकाळी.
चिकटलेली जाळी भिजवून, सोडवून,
पुन्हा भिजवून.
वॉर्डातला रेडिओ आम्ही मोठा करायचो.
आणि पुढे खाज, महिनोन्‌महिने,
रात्री तीन वाजता, हातमोज्यातल्या हातांनी.
खाजेवर कुणी सिनेमा काढत नाही.

कोर्नेलने वही मिटली.
"आपल्याकडे दोन सेकंद आहेत," म्हणाला,
अगदी नम्रपणे.

पैसे पूर्ण दिवसाचे होते म्हणून मी थांबले.
मरणाऱ्या शिपायांत चौदा नंबरचा होता गेलेर्ट,
पन्नाशीचा, दुनाऊयवारोशच्या पोलाद कारखान्यातला.
त्याच्या चिलखताचा पट्टा अडकला म्हणून मी हात लावला
आणि कॉलरखाली ती जाळी दिसली,
मांडीवरून काढून मानेवर ताणलेली कातडी,
चौकटी-चौकटींची.
ती मी झोपेतही ओळखेन.

"कितवा दिवस सगळ्यात वाईट?" मी हळूच विचारलं.
"आठवा," तो म्हणाला.
"आठव्या दिवशी मी लाकडी चमचा मागितला, दातांत धरायला.
सिस्टर म्हणाली, कारखान्यातल्या सगळ्यांनी मागितलाय,
स्वयंपाकघरात आता एकही उरला नाही."
आणि हसला. अर्ध्या तोंडाने,
उरलेलं अर्धं ताणत नव्हतं.

"यांना सांगितलंस?"
"विचारलं नाही कुणी. आणि मला मरायचे बरे पैसे मिळतात."

शिट्टी. हिरवी रेघ नंतर संगणकावर काढणार होते,
तेव्हा तो नुसता हवेलाच बळी पडला.
छान पडला. एका टेकमध्ये.
फक्त डावं कोपर वाकलेलंच राहिलं,
ते सरळ होत नाही, होणारही नाही.
कोर्नेलला वाटलं अभिनय.

सिनेमा लागला तेव्हा मी गेले होते.
सगळे स्वच्छ मेले.
मी चौदावा मोजत बसले होते.
तांबड्या भुकटीत तो आडवा झाला,
कोपर वर,
दोन सेकंद,
मग कॅमेरा पुढे गेला.