विसण

चौकोन काढते. वरच्या कोपऱ्यात साठ पूर्णांक आठ,
खालच्या कोपऱ्यात छत्तीस पूर्णांक आठ,
मधोमध हवी ती, बेचाळीस पूर्णांक आठ.
तिरप्या वजाबाक्या : इकडे सहा, तिकडे अठरा.
जहाल एक भाग, मवाळ तीन.
पहिल्या दिवशी वाटलं, काम म्हणजे एवढंच.

पण शहाद्याचा वैशाख.
टाकीला हात लावून ठेववत नाही,
आणि तापलेलं स्पिरिट मापकाशी
बढाया मारतं, आहे त्याहून कडक असल्याच्या.
तक्ता वीस अंशांचा. वीस अंश इथे
माघातल्या सकाळी नऊच्या सुमाराला येतात
गोमाईवरून, आणि चहालाही थांबत नाहीत.
मी दुरुस्ती करायची विसरले.
पाणी जास्त पडलं, चारशे लिटर माल फिका.
साहेब रागावले नाहीत,
नुसती माझी पेन्सिल उचलून माझ्या हातात दिली.

मग खात्याचे बोरसे इन्स्पेक्टर :
शंभर लिटर स्पिरिट, शंभर लिटर पाणी,
टाकीत एकशे त्र्याण्णव.
वरचे सात कुठे गेले, मॅडम?
मी रेणूंबद्दल, त्यांच्यातल्या फटींबद्दल सांगू लागले
तर वल्हं बाजूला ठेवत सुपडूआप्पा म्हणाले,
"साहेब, दादरना पायलीमा पायलीभर तीय वता.
दोन पायल्या व्हतीन का?"
बोरसेंनी वही मिटली.

आप्पांनी जन्मात थेंब चाखलेला नाही.
तळहातावर चोळतात, हुंगतात,
आकडा सांगतात. अर्ध्या अंशाने चुकतात,
आणि त्या अर्ध्या अंशाची त्यांना दिवसभर रुखरुख.

संध्याकाळी एस.टी.त कंडक्टर
तिकीट लांबूनच देतो.

घरी ताईचं बाळ, बारा दिवसांचं.
न्हाणीत हंडा वाफाळतोय.
"विसण घाल गं," आई म्हणते.
"किती?"
ती बघतच राहते माझ्याकडे.
घंगाळात कोपर बुडवून :
"आणखी एक तांब्या. अजून थोडं. हां, थांब."

मी मनात चौकोन आखलेला, वरच्या कोपऱ्यात कढत,
खाली माठाशेजारच्या बादलीतलं,
मधल्या खान्यात काय लिहायचं तेच कळेना.
बाळ तोवर पाण्यात गेलंही होतं,
पहिल्यांदा न रडता.

पुसायला पंचा घेऊन पुढे झाले
तर आई म्हणाली, "तू राहू दे.
आज तुझ्या हातांना फारच वास येतोय."